माती किती वाहून गेली ते मोजायचं कसं: ड्यूली यांच्या प्रयोगांवरून अपधाव प्लॉटची कृती

एक हेक्टर रानावरून एक मिलिमीटर जाडीचा थर निघून गेला, तर १२-१३ टन माती गेलेली असते. एवढा थर गेलेला डोळ्यांना दिसत नाही. ओघळ पडले, ताल म्हणजे बांध फुटला, की धूप झाली असं आपण म्हणतो. पण ओघळ दिसायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून दर पावसाळ्यात पातळ पदर निघून जात असतो. हा पदर पकडायचा, तर त्याला अडवून तोलावाच लागतो.

हे काम शेताच्या उतारावर नीट मांडून पहिल्यांदा केलं ते अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कोलंबियाच्या विद्यापीठात, १९१७ साली. मेरिट मिलर हे तिथले मृदाशास्त्राचे प्राध्यापक आणि फ्रँक ड्यूली हे त्यांचे सहकारी. त्याआधी जर्मनीत एवाल्ट वोल्नी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छोट्या चौकटींवर पाऊस आणि मातीचा संबंध तपासला होता. मिलर-ड्यूलींनी मात्र पीक, नांगरट आणि पडीक यांचे प्लॉट एकाच उतारावर शेजारी शेजारी मांडले, प्रत्येकाच्या पायथ्याशी टाकी बसवली आणि प्रत्येक पावसानंतर टाकीतलं पाणी नि माती मोजली. पहिले निष्कर्ष १९२३ साली छापले गेले. ड्यूली पुढे कॅन्ससला गेले आणि त्यांनी उताराचा अभ्यास केला. त्यानंतर नेब्रास्कात, लिंकनला, जमिनीवर पापडी का धरते आणि धसकटं-काड वर ठेवल्यानं काय होतं, याचा शोध घेतला. या प्रवासातले तीनही प्रयोग आज कृषी महाविद्यालयाला, पाणलोट विकासाचं काम करणाऱ्या गटाला किंवा जिद्दी शेतकऱ्याला करता येतात. सगळ्यात जास्त मेहनत पहिल्याला लागते, म्हणून त्याची कृती इथे सविस्तर दिली आहे.

मापं अशी का

मिसुरीचा प्लॉट ९०.७५ फूट लांब आणि ६ फूट रुंद होता. हे विचित्र वाटणारं माप मुद्दाम निवडलेलं आहे: क्षेत्रफळ बरोबर एकराचा ८०वा भाग येतं. पुढे अमेरिकेच्या धूप-संशोधन केंद्रांवर ७२.६ फूट लांबी रूढ झाली, कारण ६ फूट रुंदीशी गुणलं की एकराचा १००वा भाग. टाकीत एक पौंड माती सापडली, तर एकराला १०० पौंड. हिशेबाची कटकटच संपली. मृदासंधारणाच्या पुस्तकांत आजही २२.१३ मीटर ही ‘प्रमाण लांबी’ दिसते, ती याच ७२.६ फुटांमुळे.

आपण मेट्रिकमध्ये २० मीटर लांब आणि २ मीटर रुंद घ्यावं. क्षेत्र ४० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा २५०वा भाग. एक किलो माती म्हणजे हेक्टरी २५० किलो, एकरी जवळपास १०० किलो. पाण्याचाही हिशेब सोपा: एक मिलिमीटर अपधाव, म्हणजे वाहून गेलेलं पाणी, ४० लिटर भरतं.

यापेक्षा आखूड प्लॉट करू नये. पाच-सहा मीटरच्या प्लॉटवर थेंबाच्या माऱ्यानं उडालेली माती मोजली जाते, पण पाणी वेग घेऊन ओघळी पाडू लागतं तो भाग हिशेबात येतच नाही.

जागा निवडताना घाई नको

सगळ्या चुकांत न सुधारता येणारी चूक इथे होते. पत्रा वाकडा बसला तर काढून परत लावता येतो. जागा चुकली, तर तीन वर्षांचे आकडे वाया जातात.

उतार वरून खालपर्यंत एकसारखा हवा. मध्ये खोलगट भाग असला, तर माती तिथेच बसते आणि टाकीत कमी येते. जुनी ताल, बैलगाडीची वाट, झाडाची मुळं, जनावरं बसण्याची जागा, जुन्या उकिरड्याची माती, यांपैकी काहीही प्लॉटमध्ये येता कामा नये. प्रत्येक प्लॉटमध्ये वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी पहार मारून मातीची खोली बघा. एका प्लॉटखाली ३० सेंटीमीटरवर मुरूम आणि शेजारच्याखाली ९० सेंटीमीटर काळी माती असेल, तर तुम्ही पिकांची तुलना करत नसून जमिनींची करत आहात.

उतार मोजायला गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप पुरतो. वरच्या आणि खालच्या खुंटीमधला फरक २० मीटरला ६० सेंटीमीटर आला, तर उतार ३ टक्के. दर ५ मीटरवर मधली मापंही घ्या. प्रत्येक टप्प्यात साधारण १५ सेंटीमीटर उतरलं पाहिजे.

प्लॉट-प्लॉटमधला उतार किती जुळायला हवा? अमेरिकन अभियंते ऑस्टिन झिंग यांनी १९४० साली तोवरचे आकडे एकत्र करून मांडलं की मातीचं नुकसान उताराच्या १.४ घाताच्या प्रमाणात वाढतं. उतार दुप्पट झाला, तर धूप दुप्पट न होता सुमारे २.६ पट होते. याच सूत्रानं ३ आणि ३.५ टक्क्यांच्या प्लॉटमध्ये पिकाचा काहीही संबंध नसताना २४ टक्के फरक पडतो. म्हणून एकमेकांशी तुलना करायच्या प्लॉटमध्ये फरक ०.२ टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे २० मीटर लांबीत एकूण उतरण ४ सेंटीमीटरहून जास्त वेगळी नको. त्यासाठी मातीची भर घालू नका. भर घातलेली माती पोकळ असते आणि पहिल्या दोन पावसांतच जाते. जागाच बदला.

कडा

कडेला २२ किंवा २४ गेजचा जीआय पत्रा, ३० सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापून. निम्मा जमिनीत, निम्मा वर. एका प्लॉटला दोन बाजू आणि माथा मिळून ४२ मीटर पत्रा लागतो, सांधे धरून ४५ मीटर आणा. सांध्यावर १० सेंटीमीटर पत्रा एकावर एक येऊ द्या आणि उतारावर वरच्या अंगाचा तुकडा आतल्या बाजूनं ठेवा, म्हणजे वाहतं पाणी सांध्यात घुसत नाही.

चर पत्र्यापुरताच अरुंद खणा, तीच माती थरांनी परत भरून ओली करून ठोका. रुंद चर खणून ढेकळं लोटली, की पत्र्याच्या कडेनं पाण्याला आडवाट मिळते आणि प्लॉटचं पाणी टाकीत न येता कडेनं निसटतं. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात पत्र्यालगत भेगा पडतात, कधी कधी पत्र्याच्या तळापर्यंत. मृग लागण्याआधी प्रत्येक कडेनं चालत जाऊन या भेगा बारीक मातीनं बुजवाव्याच लागतात. बाहेरच्या बाजूच्याही.

दोन प्लॉटमध्ये एकच सामाईक पत्रा लावून खर्च वाचवू नका. मध्ये एक मीटर वाट सोडा. थेंबाच्या आघातानं मातीचे कण फूटभर सहज उडतात, ते शेजारच्या प्लॉटमध्ये पडतात. शिवाय प्लॉटमध्ये पाय न ठेवता खुरपणी करायला जागा लागते. माथ्याच्या वर दीड-दोन मीटरवर आडवा चर काढून वरच्या रानाचं पाणी बाजूला वळवा. हा चर भरला आणि पाणी पत्र्यावरून प्लॉटमध्ये आलं, तर त्या दिवसाचा आकडा रद्द.

पन्हळ आणि त्याची ओठी

खालच्या टोकाला दोन मीटर रुंदीचं पत्र्याचं पन्हळ, मधल्या किंवा एका बाजूच्या ११० मिलिमीटर पाइपकडे उतार दिलेलं. पाण्यासाठी याहून लहान पाइपही चालेल: तासाला १०० मिलिमीटर जोराचा पाऊस पूर्णपणे वाहून आला, तरी ४० चौरस मीटरवरून सेकंदाला सव्वा लिटरसुद्धा येत नाही. मोठा पाइप काडी-कचऱ्यासाठी हवा. पन्हळावर पत्र्याचं झाकण असू द्या, नाहीतर पन्हळात थेट पडलेला पाऊस अपधावात मिळतो.

पन्हळाची ओठी म्हणजे जिथे जमीन संपते आणि पत्रा सुरू होतो ती कड. ही ओठी जमिनीच्या बरोबर पातळीत हवी. वर राहिली, तर तिच्यामागे पाणी तुंबून गाळ बसतो आणि नुकसान कमी दिसतं. खाली राहिली, तर कडेची माती खचून पन्हळात पडते आणि नुकसान फुगतं. पावसाळ्यात जमीन बसते, त्यामुळे ही पातळी दर पंधरा दिवसांनी पट्टी ठेवून तपासा. प्लॉटच्या अगदी शेवटच्या २० सेंटीमीटरमध्ये कुदळ-खुरपं चालवू नका.

टाक्या मोठ्या पावसासाठी

वर्षाला पडणाऱ्या पावसांपैकी बहुतेक पावसांत टाकीत थोडं गढूळ पाणी येतं किंवा काहीच येत नाही. वर्षभराच्या धुपीतला मोठा वाटा दोन-चार जोरदार पावसांचा असतो. टाकी नेमकी त्याच दिवशी भरून वाहिली, तर उरलेल्या सगळ्या काटेकोर नोंदींना काही अर्थ उरत नाही. म्हणून सगळी मांडणी मोठ्या पावसाला धरून करायची.

दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा वाहून गेला, असं धरलं तर ४० चौरस मीटरवरून २,००० लिटर पाणी येतं. एवढी टाकी बांधणं महाग आहे आणि त्यातली माती ढवळून नमुना घेणं अवघड. यावर टेक्ससमधल्या टेंपल केंद्रावर काम करणाऱ्या गाईब यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुखाची विभाजक वापरला, तोच आजही उत्तम. पहिला ड्रम २०० लिटरचा. त्याच्या १८० लिटरच्या पातळीला अगदी सारख्या मापाच्या ११ खाचा. पहिला ड्रम भरला की पाणी अकरा खाचांतून सारखं वाहतं. त्यातल्या फक्त मधल्या खाचेचं पाणी दुसऱ्या ड्रममध्ये घ्यायचं, बाकी दहा खाचांचं सोडून द्यायचं. क्षमता झाली १८० अधिक ११ गुणिले २००, म्हणजे २,३८० लिटर. ५९ मिलिमीटर अपधाव.

खाचांची संख्या विषम घेतात ती यासाठी, की मधली एक खाच नेमकी मिळावी. खाचांच्या आधी बारीक जाळी हवीच. एक पान एका खाचेत अडकलं, की दहा खाचांतून पाणी वाहतं आणि तुम्ही अकरानं गुणत बसता.

विभाजक बसवल्यावर तो तपासल्याशिवाय वापरू नका. पहिला ड्रम खाचेपर्यंत भरा, मग मोजून ११० लिटर पाणी ओता. दुसऱ्या ड्रममध्ये १० लिटर यायला हवं. ९.२ लिटर आलं, तर तुमचा गुणक ११ नसून ११.९६ आहे, ड्रमवर रंगानं तोच लिहा. ही चाचणी एकदा सावकाश ओतून आणि एकदा जोरात ओतून करा. दोन्हींत गुणक बराच वेगळा आला, तर ड्रम तिरका आहे. खाली पाचर घालून स्पिरिट लेव्हलनं सरळ करा.

ड्रम खड्ड्यात बसतात, आणि त्या खड्ड्याला खालच्या बाजूनं निचऱ्याचा चर नसला तर आत पाणी साचतं. रिकामा ड्रम अशा पाण्यात तरंगून वर येतो, पाइप निखळतो. निचरा द्या, शिवाय ड्रम तारेनं खुंटीला बांधा. ड्रमवर झाकण हवं. आतली पातळी मोजण्यासाठी काठीवर खुणा करताना व्यासावरून गणित करू नका, कारण ड्रमला कडी असतात. १० लिटरच्या मापानं पाणी ओतत ओतत प्रत्येक खूण करा.

कोणते प्लॉट ठेवावेत

एक प्लॉट कायम उघडा: तण उगवू न देता, उताराच्या दिशेनं वखरलेला. इतर सगळ्या प्लॉटची तुलना याच्याशी होते, म्हणून जागा कमी असली तरी हा वगळू नये. दुसरा गावात नेहमी घेतात त्या पिकाचा, तिसरा गवताचा. पुढे मगदुराप्रमाणे आंतरपीक, आच्छादन, फेरपालट.

मिसुरीत नेमकं हेच होतं आणि म्हणून त्यांचे आकडे इतके बोलके झाले. मिलर आणि क्रूसेकॉप्फ यांनी १९३२ साली चौदा वर्षांचा हिशेब छापला. ३.६८ टक्के उतारावर, आठ इंच नांगरून उघड्या ठेवलेल्या प्लॉटवरून वर्षाला सरासरी एकरी ४१ अमेरिकन टन माती गेली, म्हणजे हेक्टरी सुमारे ९२ मेट्रिक टन. दरवर्षी मका घेतलेल्या प्लॉटवरून हेक्टरी ४४ टनांच्या आसपास. दरवर्षी गहू, तर २३. मका-गहू-क्लोव्हर (चाऱ्याचं द्विदल पीक) अशी फेरपालट केलेल्या प्लॉटवरून फक्त ६ टन. ब्लूग्रास गवताखाली एक टनसुद्धा नाही. पाऊस तोच आणि उतारही तोच. त्यांनी हेच आकडे वरची सात इंच माती संपायला लागणाऱ्या वर्षांत मांडले: उघडी जमीन २४ वर्षं, सतत मका ५० वर्षं, गवत तीन हजार वर्षांहून जास्त. शेतकऱ्याला टनापेक्षा वर्षं लवकर कळतात. तुमचेही आकडे लोकांपुढे ठेवताना ही रीत उचला.

त्या प्रयोगातला उणा भागही लक्षात घ्या. प्रत्येक प्रकाराला एकच प्लॉट होता. आज प्रत्येक प्रकाराचे तीन प्लॉट ठेवावेत आणि कुठला प्रकार कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं. तीन-तीन प्लॉटना जागा किंवा पैसा नसेल, तर प्रकार कमी करा, पुनरावृत्ती कमी करू नका. तीन प्रकारांचे नऊ प्लॉट हे नऊ प्रकारांच्या नऊ प्लॉटपेक्षा जास्त खात्रीचं उत्तर देतात.

एक गोष्ट या प्लॉटवर तपासायला जाऊ नका: समपातळी बांध किंवा आडवी पेरणी किती उपयोगी पडते ते. दोन मीटर रुंदीत प्रत्येक आडवी सरी दोन्ही टोकांना पत्र्याला टेकते, पाणी बाजूला सरकू शकत नाही, आणि फायदा प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. रानात सरी एखाद्या खोलगट जागी फुटते आणि सगळं पाणी तिथून धावतं. ते पाहायला आख्खं शेत आणि त्याच्या तोंडाशी मोजणीची व्यवस्था लागते.

पाऊस थांबल्यावर

पर्जन्यमापक प्लॉटच्या शेजारी उघड्यावर, जवळच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. नोंद रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेप्रमाणे. ड्रमही त्याच वेळी मोजायचे आणि लगेच रिकामे करायचे. संध्याकाळी पुन्हा पाऊस येईल म्हणून थांबलात, तर दोन पावसांचा हिशेब एकत्र होतो आणि पुढे कुठल्या पावसानं किती माती नेली ते सांगता येत नाही.

क्रम असा. आधी दोन्ही ड्रमची पातळी लिहा. पहिल्या ड्रममधलं वरचं पाणी जोरात ढवळून, ढवळत असतानाच, तीन वेगवेगळ्या खोलींवरून एकेक लिटर नमुना घ्या आणि बाटलीवर प्लॉट क्रमांक, तारीख, ड्रम क्रमांक लिहा. मग पाणी काढून तळाशी बसलेला चिखल घमेल्यात घ्या, तोला, कालवून एकजीव करा आणि त्यातला अर्धा किलो नमुना ठेवा. दुसऱ्या ड्रममध्ये बहुधा जाड गाळ नसतो. ढवळून नमुना पुरतो.

काळ्या मातीत लोक हमखास फसतात ते पाणी ‘निवळलं’ असं समजून ओतून देण्यात. चिकणमातीचे बारीक कण दिवसेंदिवस तरंगत राहतात, आणि तेच कण सगळ्यात मोलाचे, कारण अन्नद्रव्यं त्यांनाच चिकटलेली असतात. नमुन्याच्या बाटलीत चिमूटभर तुरटी घालून कण खाली बसवता येतात. मग वरचं स्वच्छ पाणी काढून उरलेला गाळ वाळवा. सगळ्या बाटल्यांना तुरटी सारखीच, मोजून घाला.

वाळवण १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये. ओव्हन नसेल तर जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुने द्या. उन्हात वाळलेल्या काळ्या मातीत वजनाच्या आठ-दहा टक्क्यांपर्यंत ओल राहू शकते, त्यामुळे काही नमुने उन्हात आणि काही ओव्हनमध्ये वाळवून ते एकाच तक्त्यात मांडू नयेत.

हिशेब कसा होतो ते पाहण्यासाठी मानलेले आकडे घेऊ. पाऊस ४६ मिलिमीटर. पहिला ड्रम १८० लिटर भरला, दुसऱ्यात ४२ लिटर. गुणक ११ धरला तर दुसऱ्याचे ४६२. एकूण ६४२ लिटर. चाळिसानं भागलं की अपधाव १६ मिलिमीटर, पावसाच्या ३५ टक्के. चिखल ९ किलो, नमुन्यात कोरडी माती ६२ टक्के, म्हणजे ५.५८ किलो. पहिल्या ड्रममध्ये चिखल सोडून १७५ लिटर पाणी, लिटरला १२ ग्रॅम माती: २.१ किलो. दुसऱ्याचे ४६२ लिटर, लिटरला ८ ग्रॅम: ३.७ किलो. बेरीज ११.३८ किलो. २५० नं गुणलं की हेक्टरी २,८४५ किलो. पावणेतीन टनांवर माती एका पावसात गेली आणि जमिनीची पातळी जेमतेम पाव मिलिमीटर उतरली. गुणक फक्त दुसऱ्या ड्रमला लावायचा, पहिल्याला नाही. विद्यार्थ्यांच्या वहीत ही चूक सारखी सापडते.

उताराचा छोटा प्रयोग

कॅन्ससमध्ये ड्यूली आणि हेज यांनी उतार बदलत पाणी शिंपडून मोजणी केली आणि १९३२ साली ती छापली. त्यांना आढळलं की सपाटीपासून साधारण ३ टक्क्यांपर्यंत उतार वाढला की अपधाव झपाट्यानं वाढतो, त्यापुढे पाण्याची वाढ मंद होते. माती मात्र उताराबरोबर वाढतच जाते. ‘आमच्याकडे उतार फार नाही’ म्हणणाऱ्यांसाठी याचा पहिला भाग महत्त्वाचा आहे. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद पेटीत माती भरून, खाली विटा सरकवत १, ३, ५, ८ टक्के उतार देऊन हे वर्गात दाखवता येतं. प्रत्येक वेळी माती नव्यानं आणि सारख्या वजनाची भरा. एकदा पापडी धरलेली माती दुसऱ्या उताराला वापरली, की तुलना बिघडते.

पापडी आणि गोणपाट

लिंकनला ड्यूलींनी १९३९ साली मांडलेला मुद्दा आम्हाला त्यांच्या सगळ्या कामात मोलाचा वाटतो. जमिनीत पाणी किती वेगानं मुरतं ते ठरवताना पोत आणि खोली यांच्याइतकाच, कित्येकदा जास्त, वरचा काही मिलिमीटरचा थर महत्त्वाचा ठरतो. उघड्या मातीवर थेंब आदळतात, ढेकळी फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि पातळ घट्ट पापडी तयार होते. काड पसरलेली जमीन पाणी घेत राहते. काड काढलं की मुरणं झपाट्यानं घटतं. काडाऐवजी नुसतं गोणपाट अंथरलं तरी पाणी मुरतच राहतं. म्हणजे थेंबाचा मार अडवणं हेच आच्छादनाचं मुख्य काम.

करून पाहायला एक मीटर चौरसाच्या तीन पत्र्याच्या चौकटी घ्या, १० सेंटीमीटर जमिनीत ठोका, खालच्या कडेला नळी लावून पाणी बादलीत घ्या. आदल्या दिवशी तिन्ही चौकटी हळूहळू भिजवा, नाहीतर काळ्या मातीच्या भेगा सगळं पाणी पितील आणि फरकच दिसणार नाही. एक उघडी ठेवा, दुसरीवर अर्धा किलो कोरडं काड, म्हणजे हेक्टरी ५ टन, आणि तिसरीवर गोणपाट. स्टुलावर उभं राहून झारीनं दोन मीटर उंचीवरून प्रत्येकीवर अर्ध्या तासात ४० लिटर, सारख्या गतीनं. दर पाच मिनिटांनी बादली बदला. आता गोणपाट काढून घ्या आणि शिंपणं चालू ठेवा; पुढच्या बादल्यांत पाणी वाढत जाताना दिसेल. शेवटी उघड्या चौकटीतली पापडी सुरीच्या टोकानं उचलून भिंगातून बघा.

पाणी शक्य असल्यास साठवलेलं पावसाचं वापरा. क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पापडी कमी धरते आणि निकाल खऱ्या पावसापेक्षा बरा दिसतो. झारीचा थेंब दोन मीटरवरून पडतो तेव्हा पावसाच्या मोठ्या थेंबाइतका वेग त्याला येत नाही, म्हणून इथला फरक रानातल्यापेक्षा कमीच समजा.

ड्यूलींनी सहकारी रसेल यांच्याबरोबर यावरून शेतीची पद्धत पुढे नेली: धसकटं न उलटवता जमिनीखालून पाती चालवायची आणि काड वरच ठेवायचं. कडब्यावर जनावरं जगवणाऱ्या आपल्या कोरडवाहू भागाला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. ज्वारीचा कडबा रानात पसरा असं सांगणारा सल्ला कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. तुरीचा पाला आणि तुराट्या, उसाचं पाचट, बांधावरचं गवत, किंवा उभ्या पिकाचीच सावली देणारं मटकी-कुळथासारखं पसरट आंतरपीक, यांतलं काय परवडतं ते प्लॉटवर तपासावं.

आपल्याकडे ही तपासणी नवी नाही. पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, ना. वि. कानिटकर यांनी ते पुढे वाढवलं आणि १९३३ नंतर ते सोलापूरच्या केंद्रावर विस्तारलं. तिथे अपधाव आणि धुपीची मोजणीही झाली. सोलापुरात सप्टेंबर हा सगळ्यात जास्त पावसाचा महिना, आणि रब्बी ज्वारीसाठी राखलेलं रान तोवर उघडं पडलेलं असतं. म्हणून या पट्ट्यात ‘खरिपात पडीक’ हा प्लॉट नक्की ठेवा आणि त्याच्या शेजारी खरिपात मूग किंवा उडीद घेऊन मग ज्वारी पेरलेला एक.

नोंदवही

प्रत्येक पावसाला एक ओळ: तारीख, पाऊस, पाऊस किती वेळ चालला, दोन्ही ड्रमची पातळी, नमुना क्रमांक, पिकानं झाकलेल्या जमिनीचा अंदाज टक्क्यांत, वखराची शेवटची पाळी कधी दिली ते. शेवटच्या दोन नोंदी लोक सोडून देतात आणि नंतर एकाच मापाच्या दोन पावसांनी वेगवेगळी माती का नेली, याचं उत्तर सापडत नाही. वखरणीनंतर दोन दिवसांत आलेला पाऊस आणि पीक गुडघ्याएवढं झाल्यावर आलेला पाऊस यांची तुलना या नोंदींशिवाय होत नाही.

ड्रम भरून वाहिला, पाइप निखळला, गुरांनी पत्रा वाकवला, तर त्या रकान्यात ‘नोंद नाही’ लिहा. शून्य लिहू नका. शून्य बेरजेत मिसळतो आणि नेमका मोठा पाऊस गायब होतो. अशा वेळी त्याच प्रकाराच्या उरलेल्या दोन प्लॉटचे आकडे आणि पावसाचं माप सोबत लिहून ठेवा.

पाऊसकाळ संपला की ड्रम धुऊन पालथे घाला, जाळ्या काढून ठेवा, पाइपाची तोंडं बंद करा. नाहीतर उन्हाळ्यात गांधीलमाशा पाइपात मातीची घरं करतात आणि पहिल्याच पावसात तो तुंबतो. टाकीतली माती प्लॉटवर परत टाकू नका. शेतावरून गेलेली माती शेतात परत येत नाही, प्लॉटवरही येऊ नये. दर वर्षी मे महिन्यात लेव्हल पाइपनं उतार पुन्हा मोजा आणि विभाजकाचा गुणक पुन्हा तपासून ड्रमवर त्या वर्षासह लिहा.